आमगावात कॅमेरे भरपूर, रेकॉर्डिंग किती?



सीसीटीव्हीच्या धंद्याबद्दल बोललो की एक प्रश्न हमखास येतो. "सर, आमच्या गावात आधीच पाच-सहा जण कॅमेरे बसवतात. या लाईनमध्ये आता जागा आहे का?"

कॅमेरे बसवण्यात जागा कमी उरली आहे, हे मी मान्य करतो. चार कॅमेऱ्यांचं पॅकेज, फिटिंग फ्री, वर एक एलईडी बल्ब फ्री, अशा जाहिराती तुम्ही रोज बघता. त्या भावात उतरलात तर वर्षभरात दमून जाल. पण बसवलेला कॅमेरा वर्षाचे ३६५ दिवस चित्र देत राहील, याची जबाबदारी घेणारा माणूस बहुतेक गावांत सापडत नाही. माझ्या मते खरा धंदा तिथे आहे. आज हे आमगावचं उदाहरण घेऊन मांडतो, कारण छोट्या तालुक्याच्या ठिकाणी हा धंदा जास्त चांगला चालेल असं माझं ठाम मत आहे.

आमगाव म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मुंबई-हावडा लाईनवरचं स्टेशन, आजूबाजूला धानाचा पट्टा, राईस मिल, गोदामं, सराफा, किराणा, कृषी केंद्रं, शाळा-कॉलेजं. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडची सीमा जवळ, त्यामुळे बाहेरचे ट्रक आणि माणसं सतत ये-जा करणारी. या सगळ्या ठिकाणी कॅमेरे आहेत. आता एक प्रयोग करा. ओळखीच्या पाच दुकानदारांकडे जा, चहा घ्या आणि सहज विचारा, "भाऊ, मागच्या मंगळवारी रात्री दहा वाजताचं रेकॉर्डिंग दाखवता का?"

काय काय ऐकायला मिळेल ते मी आत्ताच सांगतो. कोणी म्हणेल पासवर्ड फिटिंगवाल्याकडे आहे. कोणाच्या डिस्कवर चारच दिवस मागचं सापडेल. कोणाचा गल्ल्यावरचा कॅमेरा दिवाळीपासून काळा असेल, टीव्हीवर बाकीचे तीन दिसतात म्हणून लक्षात आलं नसेल. कोणाच्या स्क्रीनवर वेळ दीड तास पुढे असेल. पाचातले दोन जरी लगेच दाखवू शकले, तरी तुमचं गाव चांगलं म्हणायचं.

हे किती महागात पडतं

ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूरचं शाळेतलं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. तपास सुरू झाला तेव्हा शाळेतलं पंधरा दिवसांचं सीसीटीव्ही चित्रीकरण मिळत नाही, असं तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितलं होतं. २१ ऑगस्ट २०२४ ला शासन निर्णय निघाला. शाळांनी महिनाभरात कॅमेरे बसवावेत, एवढंच म्हणून तो थांबला नाही. आठवड्यातून किमान तीन वेळा फुटेज तपासायची जबाबदारी मुख्याध्यापकांवर टाकली. हा दुसरा भाग नीट वाचा. कॅमेरा बसला म्हणजे काम झालं असं आता सरकारसुद्धा धरत नाही.

दुसरं उदाहरण जालन्याचं. २०१४ ची विधानसभा निवडणूक, अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. वाद गेला उमेदवारी अर्जाच्या वेळेवर. शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत अर्ज रीतसर दाखल झाला की नंतर? पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला या प्रकरणात सांगितलं की मूळ यंत्र कोर्टात आणलं नसेल आणि नुसती कॉपी देत असाल, तर सोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र हवंच. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्यातल्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र येतं.

हे तुम्हाला का सांगतोय? कारण तुमच्या गिऱ्हाईकाकडे चोरी झाली, गल्ल्यातून पैसे गेले, गेटवर ट्रकचा वाद झाला, की तुमच्या कॅमेऱ्यातली वेळ, तारीख आणि सलग रेकॉर्डिंग हीच त्याची बाजू असते. घड्याळ चुकीचं असेल तर समोरचा वकील पहिला प्रश्न तिथेच टाकणार.

चित्र का तुटतं

आता कामाचं बोलू. नेटवर्क कॅमेरा म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर असतो. तो चित्र घेतो, एच.२६४ किंवा एच.२६५ पद्धतीने दाबून लहान करतो आणि केबलमधून रेकॉर्डरकडे, म्हणजे एनव्हीआरकडे पाठवत राहतो. हे पाठवण्यासाठी बहुतेक कॅमेरे आरटीएसपी वापरतात, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचा माल एकमेकांशी बोलावा म्हणून २००८ पासून ओएनव्हीआयएफ हे सामाईक मानक आहे. खरेदी करताना ही दोन नावं खोक्यावर बघा, पुढे एक कॅमेरा बदलायची वेळ आली तर एकाच कंपनीच्या दावणीला बांधले जाणार नाही.

सगळ्यात जास्त तक्रार कोणती? "दिवसा चालतो, रात्री बंद पडतो." गिऱ्हाईक म्हणतं कॅमेरा खराब. फिटिंगवाला कॅमेरा बदलून देतो, आठ दिवसांनी पुन्हा तेच. कारण साधं आहे, पण गणित केल्याशिवाय दिसत नाही.

रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याची वीज जवळपास दुप्पट होते. समजा दिवसा ३ वॅट, रात्री ६ वॅट. १२ व्होल्टचा अडॅप्टर दुकानात आणि कॅमेरा ५० मीटर लांब गेटवर. कॅट-५ केबलच्या एका जोडीतून वीज नेली तर जाऊन-येऊन तारेचा विरोध होतो साधारण ८ ओहम. दिवसा पाव अँपिअर वाहतो, म्हणजे २ व्होल्ट वाटेत जातात, कॅमेऱ्याला १० मिळतात, तो कसाबसा चालतो. रात्री अर्धा अँपिअर, वाटेत ४ व्होल्ट गेले, हाती आले ८. कॅमेरा बंद होतो. बंद झाला की दिवे विझतात, भार उतरतो, व्होल्टेज वर येतं, कॅमेरा पुन्हा सुरू होतो, दिवे लागतात, पुन्हा बंद. रात्रभर हेच चालतं. आणि तार तांब्याची नसून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असेल, जी स्वस्त पॅकेजमध्ये सर्रास येते, तर विरोध आणखी दीडपटीच्या आसपास वाढतो.

उपाय पीओईचा. डेटाच्या केबलमधूनच ४८ व्होल्टच्या आसपास वीज जाते. व्होल्टेज चौपट म्हणून करंट चौथा हिस्सा, वाटेतला तोटा नगण्य. शुद्ध तांब्याची केबल आणि पीओई स्विच घेतलात की 'रात्री बंद' ही तक्रार जवळपास संपते. १०० मीटरची मर्यादा मात्र पाळा. त्यापुढे जायचं असेल तर मध्ये आणखी एक स्विच टाका, आणि एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाताना फायबर वापरा. आपल्या भागात जूनमध्ये विजा कशा पडतात हे तुम्हाला सांगायला नको. उघड्यावरून गेलेल्या तांब्याच्या केबलमधून तो झटका थेट एनव्हीआरपर्यंत येतो. काचेच्या तंतूतून वीज येत नाही. फायबरचा खर्च जास्त वाटतो, पण एका पावसाळ्यात जळणारे आठ कॅमेरे आणि रेकॉर्डर यांच्याशी तुलना करून बघा.

वायफाय कॅमेऱ्यांबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. घरातल्या खोलीत ठीक आहे. राईस मिलमध्ये, टिनाच्या शेडखाली, चारी बाजूंनी लोखंड आणि मोटारी असताना वायफायवर भरवसा ठेवू नका. सिग्नलचे दांडे तीन दिसतात म्हणून गिऱ्हाईक खुश होतं, पण रेकॉर्डिंगमध्ये मधली चाळीस सेकंदं गायब असतात.

मग येतो लाईटचा प्रश्न. लाईट जाणं हे आपल्याकडे गृहीतच धरायचं. आठ कॅमेरे, एनव्हीआर, स्विच आणि राउटर मिळून साधारण ८० वॅट धरा. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. प्रत्यक्षात अर्धा तास मिळाला तरी नशीब. १५० अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीत १८०० वॅट-तास असतात, त्यातले निम्मे वापरले तरी अकरा तास निघतात. दुकानात बहुधा इन्व्हर्टर आधीच असतो, पंखा आणि ट्यूबलाइट त्यावर असतात आणि कॅमेरे मात्र थेट लाईनवर. चोराला लाईट गेलेलीच आवडते, नाही का? ही एक वायर बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि हे काम करून देणारा माणूस गिऱ्हाईक विसरत नाही.

लाईट आल्यानंतरची गंमत वेगळी. सगळी यंत्रं एकदम सुरू होतात, राउटर प्रत्येक कॅमेऱ्याला नवा आयपी पत्ता वाटतो, एनव्हीआर जुन्या पत्त्यावर शोधत बसतो, आणि एक-दोन कॅमेरे 'ऑफलाईन' होतात. प्रत्येक कॅमेऱ्याला पत्ता कायमचा नेमून द्या आणि तो वहीत लिहून ठेवा.

चित्रावर करडे डाग पडणं, माणसाचा चेहरा ओघळल्यासारखा दिसणं, हा प्रकार केबल खराब असली किंवा वाटेत गर्दी झाली की होतो. कॅमेरा दर वेळी पूर्ण चित्र पाठवत नाही. एक पूर्ण चित्र, मग फक्त काय बदललं तेवढंच, मग सेकंद-दोन सेकंदांनी पुन्हा पूर्ण चित्र. मधला तुकडा हरवला की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत सगळं विस्कटतं. इथे सेटिंगमध्ये यूडीपी आणि टीसीपी असे दोन पर्याय असतात. यूडीपी म्हणजे ट्रकमधून पोती उतरवत जाणं, मोजणी नाही, पडलं ते पडलं. टीसीपी म्हणजे प्रत्येक पोत्याची पावती, एखादं कमी आलं तर पुन्हा मागवायचं. चित्र क्षणभर उशिरा येतं, पण पूर्ण येतं. पुराव्यासाठी रेकॉर्डिंग करायचं असेल तर मी टीसीपीच निवडेन. दोन पूर्ण चित्रांमधलं अंतरही दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. डिस्क वाचवण्यासाठी काही जण ते खूप वाढवतात, मग विस्कटलेलं चित्र तितकाच वेळ विस्कटलेलं राहतं.

डिस्कचं गणित तर प्रत्येकाने तोंडपाठ करावं. एक कॅमेरा २ एमबीपीएसने पाठवत असेल तर दिवसाला २१.६ जीबी. आठ कॅमेरे, जवळपास १७३ जीबी. १ टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. महिनाभराचं रेकॉर्डिंग हवं तर ५.२ टीबी लागतात, म्हणजे ६ टीबीची डिस्क. पॅकेजवाला १ टीबी देतो आणि "महिनाभर राहतं" म्हणतो, तेव्हा तो बहुधा फक्त हालचाल झाल्यावर होणाऱ्या रेकॉर्डिंगवर बोलत असतो, किंवा त्याने हिशोबच केलेला नसतो. आणि हा एनव्हीआर बंद लाकडी कपाटात, बिलबुकांच्या गठ्ठ्यामागे ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच पारा ४५ च्या घरात असतो, त्या कपाटात काय होत असेल? डिस्कचा पहिला शत्रू उष्णता, दुसरा धानाचा कोंडा.

इंटरनेटबद्दल एक गैरसमज काढून टाका. एनव्हीआरवर होणाऱ्या रेकॉर्डिंगला इंटरनेट लागत नाही. ते लागतं फक्त शेठजींना नागपूरहून मोबाइलवर बघायला. त्यासाठी कॅमेऱ्याचा मुख्य प्रवाह नको, सब-स्ट्रीम पुरे. चार कॅमेरे ४ एमबीपीएसने बघायचे तर १६ एमबीपीएस अपलोड हवं, सब-स्ट्रीमवर अर्ध्या एमबीपीएसच्या हिशोबाने २ मध्ये भागतं. सिमकार्डच्या राउटरला बाहेरून थेट गाठता येईल असा स्वतंत्र पत्ता सहसा मिळत नाही, म्हणून तिथे पोर्ट उघडण्याच्या भानगडीत न पडता कंपनीच्या ॲपमधूनच जोडा. पोर्ट उघडा टाकणं तसंही धोक्याचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच फॅक्टरी पासवर्ड असलेले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या. आपल्याकडे केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचना काढली आणि एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीला सुरक्षेची तपासणी सक्तीची केली. माल घेताना बिल आणि प्रमाणन दोन्ही मागा. बिनबिलाचा स्वस्त माल बसवून स्वतःचं नाव खराब करू नका.

धंदा कसा उभा राहतो

आता पैशाचं. "सर, गिऱ्हाईक सर्व्हिसचे पैसे देत नाही," हे मला मान्य नाही. जे दिसत नाही त्याचे पैसे कोणीच देत नाही. मग दाखवा ना! महिन्यातून एकदा जा, गिऱ्हाईकाला शेजारी बसवा आणि डिस्कवरचा सगळ्यात जुना दिवस उघडून चालवून दाखवा. प्रत्येक कॅमेऱ्याचं रात्रीचं चित्र दाखवा. घड्याळ मोबाइलशी ताडून बघा. कॅमेऱ्यासमोरचं कोळ्याचं जाळं काढा, रात्री इन्फ्रारेडच्या प्रकाशात ते पांढरंशुभ्र चमकतं आणि मागचं काहीच दिसत नाही. इन्व्हर्टर बॅटरीचं पाणी बघा. वहीत तारीख टाका, त्यांची सही घ्या. अर्धा-पाऊण तासाचं काम.

समजा महिन्याला २५० रुपये ठरवले आणि असे ४० ग्राहक झाले, तर महिन्याला १०,००० रुपये आले, तेही एकही नवा कॅमेरा न विकता. दिवसाला दोन भेटीही होत नाहीत. हा आकडा मी फक्त हिशोबासाठी घेतला आहे, तुमच्या गावाचा दर तुम्ही काढा. पेट्रोल धरा, सुटे भाग वेगळे लावा. मोठ्या मिलला जास्त दर, छोट्या दुकानाला कमी. नवीन फिटिंगची कामं याच ४० जणांच्या ओळखीतून येतील, आणि तेव्हा भावावर घासाघीस कमी होईल.

काही जण तरीही नाही म्हणतील. त्यांना सोडून द्या. फुकट सर्व्हिसच्या आशेने फोन करणारा ग्राहक तुमचा दिवस खातो आणि पैसे देणाऱ्याला वाट बघायला लावतो.

एक गोष्ट मात्र मी कडक शब्दांत सांगणार. गिऱ्हाईकाचा पासवर्ड स्वतःकडे दाबून ठेवून त्याला बांधून घ्यायची पद्धत या धंद्यात आहे. ती करू नका. पासवर्ड बंद पाकिटात मालकाच्या हातात द्या. तुमच्या मोबाइलमध्ये कोणाच्याही दुकानाचं, घराचं, शाळेचं लाइव्ह चित्र ठेवू नका. दुरुस्तीसाठी जोडलं तर काम झाल्यावर त्यांच्यासमोर काढून टाका. लोकांच्या घरात डोकावायची किल्ली तुमच्याकडे असते. गाव छोटं आहे, एकदा संशय आला की दुकानाचं शटर उघडायची गरज उरत नाही.

सुरुवात कुठून करायची? आमगावसारख्या ठिकाणी मी दोन वेळा निवडेन. पहिली मे अखेर, विजा आणि पाऊस सुरू व्हायच्या आत, अर्थिंग आणि केबल तपासायला. दुसरी दसऱ्याच्या सुमाराला, धानाची आवक सुरू व्हायच्या आधी. तेव्हा मिल आणि गोदामवाल्यांना काट्यावरचा आणि गेटवरचा कॅमेरा नीट हवा असतो, ट्रकचा नंबर रात्री वाचता यायला हवा असतो, आणि पोती किती उतरली यावर भांडण झालं तर दाखवायला रेकॉर्डिंग हवं असतं. त्या पंधरा दिवसांत पाच मिलमध्ये जाऊन मोफत तपासणी करा आणि काय सापडलं ते एका कागदावर लिहून द्या. तिथेच करार करायला सांगू नका. आठवड्याने परत जा.

वार्षिक सर्व्हिस कराराचा साधा मराठी नमुना आणि महिन्याच्या भेटीच्या वहीचं पान पुढच्या व्हिडिओत देतो. तोपर्यंत तो मंगळवारी रात्री दहाचा प्रयोग करून बघा. पाच दुकानं, पाच चहा.